खाणीतून काय जाते आणि काय उरते? : तांब्याच्या उघड्या खाणीवरील एक पाठ

(इयत्ता सातवी, विषय : भूगोल व सामान्य विज्ञान, तासिका : तीन)

पाठाचा हेतू

मालवण तालुक्यातील जुन्या घरांतून देवघरात तांब्याचे पळी-पंचपात्र आणि न्हाणीघरात तांब्याचा हंडा अद्यापि आढळतो. भिंतीतून गेलेल्या विजेच्या तारेतही तांबेच असते. हे तांबे कोठून येते, असे वर्गात विचारले असता ‘बाजारातून’ आणि ‘खाणीतून’ अशी दोन उत्तरे येतात. दुसरे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. खाणीतून तांबे निघत नाही. निघतो तो दगड. त्या दगडातील तांबे वेगळे करून आपल्यापर्यंत पोहोचविण्यास काय काय करावे लागते, हे विद्यार्थ्यांस क्रमवार समजावून देणे, हा या पाठाचा पहिला हेतू होय.

दुसरा हेतू त्याहून महत्त्वाचा आहे. खाण म्हटली की तेथून काही बाहेर जाते आणि काही तेथेच उरते. जाते किती, उरते किती, आणि जे उरते त्याची व्यवस्था कोण पाहतो, हे तीन प्रश्न कोणत्याही खाणीस लावून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांस लागावी. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या भूमीत लोहखनिज, सिलिका वाळू आणि जांभा दगड असल्यामुळे हे प्रश्न येथील मुलांना पुढे नागरिक म्हणून प्रत्यक्ष भेटणार आहेत.

साहित्य

तांब्याचे एक भांडे, तांब्याच्या तारेचा तुकडा, तराजू, अळूची दोन पाने, पाण्याची काचेची बरणी, रिठे, आणि भारताचा नकाशा. जवळ समुद्रकिनारा नसल्यास घमेलेभर बारीक वाळू.

पूर्वज्ञान : चिरेखाण

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाण्याची वाट येथे फार सोपी आहे, कारण मालवणच्या कातळावरील चिरेखाण प्रत्येक मुलाने पाहिलेली असते. शिक्षकाने प्रथम तिच्याविषयीच प्रश्न विचारावेत. चिरा काढण्यापूर्वी वरचे काय काढून टाकावे लागते? (माती, झुडपे आणि वरचा निरुपयोगी थर.) चिरे कसे निघतात? (थर कापत खाली खाली जावे लागते.) खाणीत काय उरते? (तुटके तुकडे, भुकटी आणि खड्डा.) निघालेला चिरा वापरण्यापूर्वी त्याच्यावर काही प्रक्रिया करावी लागते काय? (नाही, तो ट्रकात भरून थेट बांधकामावर जातो.)

शेवटचे उत्तर फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवावे : चिरेखाणीत दगड हाच माल. पाठाच्या अखेरीस याचा उपयोग होईल.

हेतुकथन

“चिरेखाणीप्रमाणेच वरून उघडी, पण तिच्याहून शेकडो पटींनी मोठी अशी तांब्याची खाण कशी चालते, आणि तिच्यातील तांबे आपल्या घरापर्यंत कसे येते, हे आज आपण पाहू.”

विषयप्रतिपादन

१. स्थान. नकाशात प्रथम महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा गोंदिया जिल्हा दाखवावा. त्याला लागून उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा आहे. बालाघाट शहराच्या ईशान्येस सुमारे ९० किलोमीटरवर मलाजखंड हे गाव आहे. भारतातील तांब्याची सर्वांत मोठी उघडी खाण ती हीच. हिंदुस्थान कॉपर लिमिटेड ही केंद्र सरकारची कंपनी १९६७ मध्ये स्थापन झाली. तिने मलाजखंडचा प्रकल्प १९८२ मध्ये सुरू केला. वर्षाला २० लाख टन धातुक काढण्याचा मूळ आराखडा होता. ज्या दगडातून धातू काढणे परवडते, त्यास ‘धातुक’ म्हणतात, हे येथे सांगावे.

मलाजखंडचे धातुक म्हणजे गारगोटीचा पांढरट कठीण दगड असून त्यात कॅल्कोपायराइट या पितळी रंगाच्या खनिजाचे कण विखुरलेले असतात. या खनिजात तांबे, लोखंड आणि गंधक ही तीन मूलद्रव्ये साधारणतः एकेक तृतीयांश असतात. परंतु सर्व दगड मिळून हिशेब केला तर १०० किलो धातुकात तांबे भरते ते अवघे १ किलोच्या आसपास. पुढील सर्व प्रक्रिया समजण्याची किल्ली या एका आकड्यात आहे. म्हणून तो फळ्यावर ठळक लिहावा.

२. खड्डा आणि त्याच्या पायऱ्या. उघडी खाण म्हणजे जमिनीत केलेला पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड खड्डा. एकेक पायरी सामान्यतः १० ते १५ मीटर उंच, म्हणजे तीन-चार मजली इमारतीएवढी असते. पायऱ्या कशासाठी, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावे. त्यांना किनाऱ्यावरील वाळूत सरळ भिंतींचा खड्डा खणावयास सांगावे. थोडे खोल गेल्यावर कडा ढासळतात. खोली वाढवावयाची असेल तर तोंड रुंद करीत जावे लागते. दगड वाळूपेक्षा बळकट असला तरी नियम तोच आहे. पायऱ्यांमुळे उतार सावरला जातो, वरून सुटलेला दगड खालच्या पायरीवर अडतो आणि यंत्रांना उभे राहावयास जागा मिळते. वाहनांचा रस्ता खड्ड्याच्या कडेने वळत वळत तळाशी जातो. त्याचा चढ दहा मीटरला एक मीटर किंवा त्याहूनही कमी ठेवतात.

याच प्रयोगातून दुसरी गोष्ट ध्यानात आणून द्यावी. खड्डा शंकूच्या आकाराचा मानला आणि उताराचा कोन तोच ठेवून खोली दुप्पट केली, तर काढावयाचा दगड दुप्पट होत नाही, आठपट होतो. म्हणजे खाण जसजशी खोल जाते, तसतसा तांबे नसलेला निरुपयोगी दगड अधिकाधिक हलवावा लागतो. एका मर्यादेनंतर हे परवडत नाही, आणि मग बोगद्यांनी जमिनीखाली शिरावे लागते. मलाजखंड येथेही उघड्या खड्ड्याखालील धातुकासाठी भूमिगत खाण उभारण्याचे काम २०१५ पासून हाती घेण्यात आले. चिली देशातील चुकिकामाता या सुमारे एक किलोमीटर खोल खड्ड्याच्या खाणीतही २०१९ मध्ये भूमिगत खाणकाम सुरू झाले.

३. फोडणे आणि वाहणे. पायरीवर यंत्राने ओळीने खोल भोके पाडतात. त्यांत सुरुंगाची दारू भरून ठरलेल्या वेळी, माणसे दूर केल्यावर, सुरुंग उडवितात. फुटलेला दगड यांत्रिक फावड्याने डंपरमध्ये भरला जातो. कोकणातील रस्त्यावरचा साधा ट्रक दहा टनांच्या आसपास माल नेतो असे धरले, तर जगातील सर्वांत मोठ्या खाणींतील एकेक डंपर एका फेरीत ३०० टनांहून अधिक दगड वाहतो.

प्रत्येक फेरीच्या वेळी डंपरमधील दगड कोणता, हे ठरलेले असते. भोके पाडताना निघालेल्या भुकटीची प्रयोगशाळेत परीक्षा होते आणि त्यावरून दगडाची विभागणी करतात. ज्यात पुरेसे तांबे आहे तो गिरणीकडे जातो. ज्यात नाही तो खड्ड्याबाहेरील ढिगाऱ्यावर. एक टन धातुकामागे दोन-तीन टन निरुपयोगी दगड काढावा लागणे ही उघड्या खाणीत नेहमीची गोष्ट आहे.

डंपरला इंधन फार लागते. म्हणून काही खाणींत दगड फोडण्याचे यंत्र खड्ड्यातच बसवितात आणि फुटलेला माल रबरी वाहक पट्ट्यावरून बाहेर नेतात. अमेरिकेच्या यूटा राज्यातील बिंगहॅम कॅन्यन या १९०६ पासून चालू असलेल्या उघड्या खाणीत असा सुमारे ८ किलोमीटर लांबीचा पट्टा आहे.

४. दळणे. “फणस फोडल्याखेरीज गरा मिळतो काय?” असे विचारून या पायरीकडे वळावे. तांब्याचे खनिज गारगोटीत बारीक कणांच्या रूपाने अडकलेले असते. ते सुटे करावयाचे तर सगळा दगडच दळावा लागतो. प्रथम जबड्यासारख्या किंवा शंकूच्या आकाराच्या यंत्रांत दगडाची खडी करतात. नंतर ती पोलादी पिंपात पाण्याबरोबर घालतात. हे आडवे पिंप स्वतःभोवती फिरत असते व त्यात पोलादाचे गोळे असतात. त्यांच्या आघाताने खडीचे पीठ होते. घरचे जाते किंवा गावची गिरणी डोळ्यांपुढे आणून दिली की हे पटकन समजते. मात्र एक भेद सांगावा : गिरणीत दळलेले सर्व पीठ उपयोगी पडते, येथे शंभर भाग पिठातील तीन-चार भागच पुढे जावयाचे असतात. सर्व प्रक्रियेत विजेचा सर्वांत मोठा खर्च सामान्यतः या दळण्यावरच होतो.

५. फेसावर तरंगविणे. सूप हाती घेऊन पाखडताना जड दाणा सुपात राहतो आणि हलका कोंडा उडून जातो. धातुकाच्या पिठात तांब्याचे खनिज जड आणि गारगोटी हलकी असते. तेव्हा खनिज तळाशी बसेल असे विद्यार्थी सांगतील. प्रत्यक्षात येथे उलट घडवून आणतात : जड खनिज वर येते आणि हलकी गारगोटी खाली राहते. या युक्तीस ‘फेनप्लवन’ म्हणतात. पाठातील सर्वांत रोचक भाग हाच असल्यामुळे येथे घाई करू नये.

अळूच्या पानावर पाण्याचे थेंब टाकून दाखवावेत. थेंब पसरत नाहीत, मोत्यासारखे घरंगळतात. नंतर पान बरणीतील पाण्यात बुडवून धरावे. ते चांदीसारखे चमकू लागते, कारण पानाला पाणी चिकटत नाही, हवेचा पातळ थर चिकटून राहतो. आता रिठ्याच्या पाण्यास फेस आणून दाखवावा. फेस म्हणजे हवेचे असंख्य बुडबुडे. ही दोन निरीक्षणे एकत्र जोडली की फेनप्लवन समजते. पिठाच्या राड्यात विशिष्ट रसायन अल्प प्रमाणात घालतात. ते फक्त तांब्याच्या खनिजकणांवर बसते आणि त्यांचा पृष्ठभाग अळूच्या पानासारखा पाण्यास नकोसा होतो. गारगोटीचे कण मात्र ओलेच राहतात. खालून हवा सोडली की खनिजकण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फेसाबरोबर काठावरून वाहून बाजूला पडतात.

हा फेस निववून व गाळून मिळालेल्या चूर्णास खाणीवर ‘कॉन्सन्ट्रेट’ म्हणतात. मराठीत त्यास ‘सांद्र चूर्ण’ म्हणता येईल. त्यात तांबे सुमारे २० ते ३० टक्के असते. मागे राहिलेला राडा म्हणजे पाण्यात कालवलेले दगडाचे पीठ. तो बांध घालून केलेल्या मोठ्या तळ्यात सोडतात, गाळ बसल्यावर पाणी पुन्हा गिरणीत घेतात, आणि गाळ तेथेच राहतो.

६. हिशेब. येथे फळ्यावर पुढील गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. धातुकात १ टक्का तांबे आहे, गिरणीत त्यातील नऊ-दशांश हाती लागते आणि सांद्र चूर्णात २५ टक्के तांबे आहे, असे समजावे.

- धातुक १००० किलो. त्यात तांबे १० किलो.
- हाती लागलेले तांबे ९ किलो.
- सांद्र चूर्ण : ९ × ४ = ३६ किलो.
- तळ्यात गेलेला गाळ : १००० – ३६ = ९६४ किलो.

नंतर वर्गातील तांब्याचे भांडे तराजूत घालावे. ते ३०० ग्रॅम भरले, तर त्यासाठी सुमारे ३३ किलो धातुक दळावे लागले असेल. एक टन धातुकामागे तीन टन निरुपयोगी दगड धरला, तर आणखी १०० किलो दगड हलवावा लागला असेल. हातात मावणाऱ्या एका भांड्यामागे १३३ किलो दगड, हे उत्तर मुलांनी स्वतः काढले म्हणजे ते विसरत नाहीत.

७. वाहतूक. आता मुख्य प्रश्न विचारावा : दळण्याची व फेसाची गिरणी खाणीजवळच का असते? समजा, १००० टन धातुक दूरच्या भट्टीकडे न्यावयाचे आहे. दहा टनांचे १०० ट्रक लागतील, आणि त्यांतील ९६ हून अधिक ट्रकांत केवळ निरुपयोगी दगड असेल. गिरणी खाणीशेजारी असली तर ३६ टन चूर्ण न्यावयाचे. त्यास चार ट्रक पुरतात. ज्या धातुकात धातू थोडा, त्याची गिरणी खाणीच्या दारात, हा नियम विद्यार्थ्यांच्या तोंडून निघाला पाहिजे.

मलाजखंडचे सांद्र चूर्ण पूर्वी राजस्थानातील खेत्री आणि झारखंडातील घाटशिला येथील भट्ट्यांकडे जात असे. खेत्रीची भट्टी २००८ मध्ये बंद झाली. गुजरातेतील दहेज येथील मोठा ताम्र-कारखाना समुद्रकाठी आहे. तेथे परदेशांतून सांद्र चूर्ण जहाजांनी येते. चूर्ण नेण्याची आणखी एक रीत आहे. चिलीतील एस्कोंदिदा ही खाण समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० मीटर उंचीवर, वाळवंटात आहे. तेथे चूर्ण पाण्यात कालवून नळातून कोलोसो बंदरापर्यंत उतारावरून सोडतात. बंदरात पाणी काढून टाकतात आणि चूर्ण जहाजात भरतात.

८. भट्टी आणि शुद्धीकरण. हा भाग थोडक्यात सांगावा. भट्टीत गंधक जळते, लोखंड मळीत जाते आणि सुमारे ९८-९९ टक्के शुद्ध तांबे मिळते. जळलेल्या गंधकाचा वायू हवेत सोडल्यास झाडे व माणसे दोघांनाही अपाय होतो. म्हणून तो पकडून त्यापासून गंधकाम्ल करतात, आणि ते खतांच्या कारखान्यांस उपयोगी पडते. विजेच्या तारेस याहूनही शुद्ध तांबे लागते. त्यासाठी तांब्याचे जाड पत्रे मोरचूद व गंधकाम्ल यांच्या द्रावणात टांगून वीज सोडतात. एका पत्र्याचे तांबे विरघळून दुसऱ्यावर शुद्ध रूपात बसते. ते ९९.९९ टक्के शुद्ध असते. अशा तांब्यापासून तारेच्या कांबी ओढण्याचा हिंदुस्थान कॉपरचा कारखाना रायगड जिल्ह्यात तळोजा येथे उभारण्यात आला.

तुलना : रेडी आणि गोवा

तांब्याच्या खाणीचा नियम पक्का होण्यास लोखंडाच्या खाणीशी तुलना करावी. आपल्या जिल्ह्यात वेंगुर्ले तालुक्यातील रेडी येथे लोहखनिजाची उघडी खाण आणि बंदर ही जवळजवळ आहेत. गोव्यात डिचोली, सांखळी, सांगे या भागांत अशाच खाणी झाल्या. तेथील खनिजात लोह साधारणतः ५५ ते ६० टक्के असते. अगदी शुद्ध हेमॅटाइटमध्येही ते ७० टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणजे दगडाचा निम्म्याहून अधिक भाग धातूच आहे. तो चाळला, धुतला, माती काढली की माल तयार होतो. फेनप्लवनाची वा पीठ करण्याची आवश्यकता सामान्यतः पडत नाही.

पण मग जवळजवळ सगळाच दगड वाहून न्यावा लागतो. अशा जड मालाला स्वस्त वाट पाहिजे, आणि पाण्याच्या वाटेएवढी स्वस्त दुसरी वाट नाही. गोव्यात खाणीपासून नदीच्या धक्क्यापर्यंत ट्रक, तेथून मांडवी व जुवारी नद्यांतून बार्ज आणि मुरगाव बंदरात मोठे जहाज, अशी साखळी उभी राहिली. हजार ते अडीच हजार टनांची एक बार्ज शंभर ते अडीचशे ट्रकांचे काम करते. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा दांडा धोक्याचा होतो; तेव्हा मांडवीतील बार्जी कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत व तेथून मुरगावास जात. तांब्याच्या खाणीपाशी गिरणी आणि लोखंडाच्या खाणीपाशी धक्का, असे का दिसते, याचे उत्तर विद्यार्थी आता स्वतः देऊ शकतील.

दर्यावर्दी कुटुंबांतील मुलांस एक गोष्ट अवश्य सांगावी. बारीक चूर्ण ओले असता जहाजाच्या हेलकाव्याने ते एकाएकी चिखलासारखे पातळ होते व एका बाजूस धावते. मग जहाज कलते. जुलै २००९ मध्ये लोहखनिजाचे चूर्ण घेऊन निघालेले ‘एशियन फॉरेस्ट’ हे जहाज मंगळूरपुढील समुद्रात बुडाले. म्हणून माल भरण्यापूर्वी त्यातील ओलावा मोजण्याचा नियम आहे.

जे उरते त्याचे काय?

चिरेखाणीत खड्डा आणि तुकडे उरतात. लोखंडाच्या खाणीत खड्डा, मातीचे ढिगारे आणि धुण्याचा गाळ उरतो. तांब्याच्या खाणीत खड्डा, दगडाचे डोंगर आणि काढलेल्या धातुकापैकी ९६ टक्क्यांहून अधिक गाळ उरतो. हे उरलेले नीट ठेवणे हे खाणीचेच काम आहे; खाणीनंतरचे नव्हे.

ते नीट न ठेवल्यास काय होते, याची उदाहरणे अतिशयोक्ती न करता सांगावीत. ब्राझीलमधील ब्रुमाडिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी एका लोहखाणीच्या गाळतळ्याचा बांध फुटला आणि चिखलाखाली २७० माणसे मृत्युमुखी पडली. आपल्याकडे पावसाची झड मोठी. उघड्या ढिगाऱ्याची माती ओहोळातून खाली येते, शेतात बसते, विहिरीत व खाडीत उतरते. भातशेतीत असा गाळ साचला की वाफ्याची सुपीकता जाते, आणि खाडीचा तळ भरून आला की मासळीवर परिणाम होतो.

गोव्याचा अनुभव आपल्या अगदी शेजारचा आहे. नियमभंगाची चौकशी झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑक्टोबर २०१२ रोजी तेथील खाणकाम थांबविले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात त्याने वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि भाडेपट्ट्याच्या हद्दीबाहेर ढिगारे टाकण्यास मनाई केली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविल्यामुळे त्याच वर्षीच्या मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या. खाण बंद होताच ट्रक आणि बार्ज यांवर पोट असलेल्या असंख्य कुटुंबांची मिळकत थांबली. म्हणजे उरलेल्याची व्यवस्था न पाहिल्याचा भुर्दंड शेतकऱ्यावर पडतो आणि अखेरीस खाणीतील कामगारावरही पडतो, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे.

काळजी घेतल्यास काय साधते, याचेही उदाहरण आहे. १० एप्रिल २०१३ रोजी बिंगहॅम कॅन्यन खाणीत खड्ड्याची एक प्रचंड बाजू ढासळली. परंतु तेथील तंत्रज्ञ रडारच्या साहाय्याने उताराची हालचाल आधीपासून मोजीत होते. धोका ओळखून त्यांनी माणसे अगोदरच बाहेर काढली होती, आणि एकासही इजा झाली नाही.

फलकलेखन

१. चिरेखाण : दगड हाच माल. वाहतूक : ट्रक, थेट बांधकामावर.
२. लोहखाण : १००० किलोत लोह सुमारे ५५० ते ६०० किलो. चाळणे व धुणे. वाहतूक : ट्रक, बार्ज, जहाज.
३. ताम्रखाण : १००० किलोत तांबे सुमारे १० किलो. फोडणे, दळणे, फेनप्लवन. वाहतूक : सांद्र चूर्ण भट्टीकडे.
४. नियम : धातू जितका थोडा, तितकी गिरणी खाणीजवळ आणि तितके उरणारे अधिक.

प्रश्न व स्वाध्याय

१. उघड्या खाणीस पायऱ्या का ठेवतात? तीन कारणे सांगा.
२. फेनप्लवनात जड खनिज वर का येते? अळूच्या पानाचा दाखला देऊन लिहा.
३. वर्षाला २० लाख टन धातुक गिरणीत गेले, त्यात १ टक्का तांबे आहे व नऊ-दशांश हाती लागते, तर तांबे किती मिळेल? २५ टक्क्यांचे सांद्र चूर्ण किती होईल? गाळ किती उरेल? (उत्तरे : १८,००० टन, ७२,००० टन, १९,२८,००० टन.)
४. घरातील तांब्याची भांडी मोजा व शक्य असल्यास वजन करा. त्यांच्यामागे किती दगड दळला गेला असेल, याचा हिशेब मांडा.
५. जुन्या भांड्यांची मोड कासाराकडे दिली तर तिचे पुढे काय होते, ते विचारून या. मोड वितळवून पुन्हा वापरल्याने दळण्याचे किती काम वाचते?

शिक्षकांस सूचना

चिरेखाण दाखविण्यास विद्यार्थ्यांस न्यावयाचे असल्यास मालकाची व मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी. कोरड्या दिवसांतच आणि काम थांबलेल्या वेळीच जावे. काठापासून दूर उभे करूनच दाखवावे. पडीक चिरेखाणी पावसाळ्यात पाण्याने भरतात. त्यांचे काठ उभे असतात, तळ दिसत नाही आणि पाय टेकावयास जागा नसते. पोहावयास येणारे मूलही अशा ठिकाणी सापडू शकते. या पाठाच्या निमित्ताने ही सूचना प्रत्येक वर्गात स्पष्टपणे द्यावी आणि पालकसभेतही सांगावी. उरलेला खड्डा म्हणजे काय, याचे सर्वांत जवळचे उदाहरण तेच आहे.

“खाण चांगली की वाईट?” असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतील. काही मुलांचे वडील खाणीच्या ट्रकावर असतील, काहींची शेती खाणीच्या उताराखाली असेल. शिक्षकाने कोणाची बाजू घेऊन निर्णय सांगू नये आणि प्रश्न टाळूही नये. तांब्यावाचून वीज घरात येत नाही, आणि लोखंडावाचून नांगराचा फाळ होत नाही. म्हणून खाण लागतेच. परंतु एखाद्या विशिष्ट जागी ती असावी की नसावी, हे ठरविताना तीन प्रश्न विचारावे लागतात : येथून काय व किती जाणार? येथे काय व किती उरणार? उरलेल्याची व्यवस्था कोण, किती वर्षे आणि कोणाच्या खर्चाने पाहणार? ग्रामसभेत बसलेल्या प्रौढ माणसास हे प्रश्न जितके उपयोगी, तितकेच सातवीच्या मुलासही. मुलांनी ते आकड्यांनिशी विचारावेत, एवढी तयारी या तीन तासिकांत झाली तर पाठ सफल झाला असे समजावे.